नऊ आकड्याच्या जागा

३ डिसेंबर
बोल्गाला पोचले. जिल्हा नोंद कार्यालयामागची खोली मिळाली, दारात कडुनिंब आहे. हर्मटानच्या, म्हणजे वाळवंटी कोरड्या वाऱ्याच्या, धुळीने सगळं पांढरं झालंय, तरी मन प्रसन्न आहे. कार्यालयप्रमुख असिबी मॅडमनी माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, तिकडे दक्षिणेत कुमासीत वाढलेल्या पोरीची आपली भाषा म्हणजे आळणी पिठलं. मग स्वतःच्या डब्यातलं निम्मं मला वाढलं.
काम सोपं आहे. जिल्ह्यातली देवस्थानं, गुहा आणि जुन्या गढ्या यांच्या तीनशे बारा नोंदी सांकेतिक आकड्यांत आहेत. नव्या यंत्रात त्या जागी पूर्ण शब्द घालायचे.

५ डिसेंबर
आकड्यांची किल्ली जुने कारकून अकोल्गोबाबा शिसपेन्सिलीने लिहून गेलेत. ‘४’ म्हणजे ओढ्याकाठचं देवस्थान, ‘६’ म्हणजे पूर्वजांची समाधी. शब्द घातला की नोंद जिवंत वाटते. आज ऐंशी झाल्या.

८ डिसेंबर
‘राखणदार’ या रकान्यात नऊ ठिकाणी ‘९’ आहे. किल्लीत त्याचा अर्थ नाही. बाबा मयतासाठी नावरोंगो गावी गेलेत, त्यांचा फोन बंद आहे. यंत्र आकडा घेत नाही, रिकामी चौकटही घेत नाही. पूर्ण नावच मागतं. सोमवारी सगळं वर पाठवायचंय. मॅडम म्हणाल्या, लामिसी, तात्पुरतं काहीतरी भर. मी माझंच नाव भरलं. एक कळ, नऊ नोंदी.

९ डिसेंबर
सकाळी एक अनोळखी म्हातारी गिनी कोंबडी घेऊन दारात आली. उकिडवी बसून टाळ्या वाजवत तिने मला मान दिला, तिंदानाला देतात तसा. तिंदाना म्हणजे आमच्याकडचा भूमीचा राखणदार. तिने विचारलं, अकरा वर्षं निजलेल्या जागा का उठवल्यात? मी म्हटलं, आजी, चूक झाली, मी कारकून आहे. ती हसली. जाताना मला पाठ न दाखवता मागे मागे गेली.

१० डिसेंबर
उंबऱ्यावर ओल्या लाल मातीचा गोळा होता. दोन महिने पाऊस नाही.

१२ डिसेंबर
आज तिसरा. प्रत्येकावर बोटांचे ठसे आहेत, फार लांब बोटांचे. झाडून टाकले तरी सकाळी सगळे जागेवर.

१५ डिसेंबर
सहा गोळे. अकोल्गोबाबा आले, ते बघून उंबऱ्याबाहेरच थांबले. तिथूनच त्यांनी सांगितलं, ‘९’ म्हणजे राखणदार मेला, नवा नेमायचा नाही. त्याच्यानंतर दोघे नेमले होते. दोघेही नवव्या गोळ्याच्या दिवशी मेले. आकड्याला कुणी हाक मारू शकत नाही, म्हणून बाबांनी आकडा घातला होता. ही गोष्ट किल्लीत लिहायचीही त्यांना भीती वाटली.
मी म्हटलं, मग माझं नाव खोडते. खोडून भागत नाही, असं ते म्हणाले, राखण दुसऱ्याच्या पूर्ण नावावर करावी लागते. मग अगदी सहज म्हणाले, माझं घाल पोरी. माझे दात कधीच पुढे गेलेत, मीच मागे राहिलोय.
मी नाही म्हटलं.

१६ डिसेंबर
सात. मॅडमना सांगितलं. त्या माझ्या उंबऱ्यापर्यंत आल्या. दुपारी रजेवर गेल्या.

१७ डिसेंबर
आठ. माती कोमट आहे— हाताखाली धडधडते.
बाहेर कुणीतरी माझं नाव म्हणून बघतंय. एकेक अक्षर. शिकल्यासारखं.

१८ डिसेंबर
भर दुपार. उंबऱ्यावर आठच आहेत, अजून.
बाबा दाराशी खुर्ची टाकून बसलेत. पडद्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहून झालंय— अकोल्गो अताम्पुग्रे. फक्त कळ दाबायची. ते म्हणतात, दाब, माझी भाकरी खाऊन झालीय. पण खुर्ची त्यांनी उंबऱ्यापासून मागे ओढलीय—
बाहेर माती थापल्याचा आवाज.
मी ते नाव खोडलं. बाबा ओरडतायत, उठून येतायत— चौकट रिकामी. यंत्र पूर्ण नाव मागतंय.
भरते.
लामिसी अयाम—