लाल गाडीचं अर्थिंग

बाबा, तुमच्याशी एक भांडण राहूनच गेलं आहे. तुम्ही होता तोवर ते काढायची माझी हिंमत झाली नाही, मग तुम्हीच गेलात, आणि आता मी तुमच्या वयाला येऊन पोचले तरी ते आहे तिथंच आहे. भांडण त्या लाल गाडीचं. तुमसरच्या आपल्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात ट्रक यायचे, ट्रॅक्टर यायचे, राइस मिलच्या जीपा यायच्या. तशी गाडी त्याआधी कधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही. दोनच दारं, बुटकी, पोट जमिनीला टेकेल अशी, विदेशी, आणि जवळजवळ नवी. राइस मिलच्या मालकांच्या धाकट्या मुलानं ती मुंबईहून आणली होती. थोरला मोटरसायकलवरून पडून गेला होता, त्यामुळे त्या घरात हा एकच उरलेला. तो रस्त्यानं निघाला की पोरं मागे धावायची आणि म्हातारे शिव्या द्यायचे.

गाडीचं दुखणं मोठं विचित्र होतं. चालता चालता सगळंच एकदम जायचं. इंजिन, हॉर्न, वायपर, समोरचे काटे, सगळं. तो उतरून बॉनेट उघडेपर्यंत आपोआप परत जीव यायचा. नागपूरच्या एका गॅरेजनं बॅटरी नवी टाकून दिली, तरी तेच. गावात तोवर बोलणं सुरू झालं होतं, की थोरला भाऊ धाकट्याची वाट अडवून राहिला. तुम्ही ते ऐकलं आणि म्हणालात, "भुताले बॅटरीतलं काय समजते बाप्पा?" पण दुकानात आणली की गाडी अशी गुणी व्हायची, की आपणच खोटे पडायचो.

तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. मी आयटीआय करून घरी बसलेली, लग्नाचं कुठं जमत नव्हतं, म्हणून तुमचे डोळे मी झाले. पोरीच्या जातीनं गाडीखाली झोपावं का, असं बाहेरचे नाही, आत्याच म्हणाली. तुम्ही म्हणालात, "तिचे हात लहान आहेत. माहे जात नाई तिथं जातेत." तेवढ्यावर तो विषय संपला.

दोष समोर येत नसेल तर त्याला बोलवायचं, ही तुमची रीत. चालू गाडीत एकेक वायर धरून हलवायची आणि टेस्टलॅम्प विझतो का ते बघायचं. मी सगळ्या वायरी हलवल्या, दिवा मिटत नव्हता. शेवटी तुम्ही म्हणालात, "रस्त्यावर मरते तं रस्त्यावरच पाहू." दिव्याचं एक टोक बॅटरीला, दुसरं गाडीच्या पत्र्याला लावून तुम्ही मला पुढे बसवलं. मालकांचा मुलगा चालवतो आहे, दिवा माझ्या मांडीवर, गाडी आंधळगावच्या रस्त्याला लागते. तो इतकी हळू चालवत होता की सायकलवाले पुढे जात होते. नहराच्या पुलावर गचका बसला आणि गाडी मेली, आणि मांडीवरचा दिवाही मेला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला मात्र हसू फुटलं, कारण दिवाही गेला म्हणजे बॅटरीचा पत्र्याशी असलेला जोड, अर्थिंग, सुटलं, भूतबित काही नाही.

त्या गाडीची बॅटरी मागे, डिकीत होती. तिची अर्थिंगची वायर जिथं पत्र्याला बोल्टनं कसली होती, तो बोल्ट मी खोलला. गचक्यासरशी वायर सुटायची ती याचमुळे, वायर आणि पत्रा यांच्यामध्ये कापडाची चिंधी गुंडाळलेली. लुगड्याच्या काठाची, गाठ मारलेली, गाठीत अंगारा आणि नव्या धानाचे चार दाणे. दुसरा पोरगा जाऊ नये म्हणून मालकीणबाईंनी मिलच्या फिटरकडून ती बसवून घेतली होती, हे त्या फिटरनंच कबूल केलं. बाहेर टांगली असती तर पोरानं लाजून फेकून दिली असती, म्हणून दिसणार नाही, पडणार नाही अशा जागी. तुम्ही धम्मदीक्षा घेतल्यापासून घरात अंगाऱ्याचं नावही निघत नव्हतं. तरी तुम्ही ती चिंधी हातावर घेतली, त्यावरचं ग्रीस पुसलं आणि म्हणालात, "बाईच्या हाती देऊन ये."

मी गेले. मालकीणबाई अंगणात धान पाखडत होत्या. चिंधी पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं. मला म्हणाल्या, "गाडी मरे म्हणून तो भेवानं हळू चालवे. आता कायच्या भरोशावर पाठवू त्याले? होती तशीच बांधून द्या मा." मी परत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही घासायचा पॉलिशपेपर उचललात. मग म्हणालात, "पुलावर मेली अन् मागून ट्रक आला तं? जाणूनबुजून खराब गाडी मी देणार नाई." पत्रा घासून तुम्ही स्वतः बोल्ट कसला, आणि चिंधी स्टिअरिंगखाली बांधून दिली. मला ते बरोबर वाटलं. आजही वाटतं.

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. धान कापणीच्या दिवसांत, भर दुपारी, सरळ रस्त्यावर त्यानं ती मोहाच्या झाडावर घातली. मालकांनी ती ट्रॅक्टरनं ओढत आपल्या दारात आणवली. ते आत आले नाहीत. रस्त्यावरूनच म्हणाले, "बंद पडली म्हनून झालं का, एवढंच सांगा." तुम्ही पाना घेऊन डिकीकडे गेलात. मी टेस्टलॅम्प आणायला आत गेले. बाहेर येऊन वाकून पाहिलं तर बोल्ट घट्ट होता, दिवा लख्ख लागला. मी म्हणाले, "बाबा, काहीच दोष नाही." तुम्ही नुसतं "हव" म्हणालात.

आणि मग मिलवर जाऊन, माझ्यासमोर, त्या माउलीला तुम्ही काय सांगितलंत? ती भिंतीला डोकं आपटत होती, मीच ती काढू दिली, मीच माझं लेकरू मारलं, म्हणत होती. तुम्ही हात जोडून म्हणालात, "बाई, तुमच्या चिंधीचं काही नाई. बोल्ट माह्याच हातानं ढिल्ला राहिला. गाडी पुन्हा मेली असन." वाटेत मी रडत होते. तुम्ही एवढंच बोललात, "तिले झोप यायले पाहिजे." त्यानंतर जीपा गेल्या, ट्रक गेले. ज्याच्या हातानं पोरगा मेला त्याच्याकडे कोण येणार? तुम्ही पंखे दुरुस्त करत बसलात, आणि ते नाव घेऊनच मेलात. मला इतका राग होता तुमचा. दुसऱ्याच्या घरात झोप यावी म्हणून स्वतःच्या घराचं नाव कोणी देऊन टाकतं का? पण त्या रागात मान ताठ होती माझी. माझा बाप खोटं बोलला आणि ते फक्त मला माहीत आहे, यावर मी इतकी वर्षं काढली.

परवा आपल्याच दुकानात एका ट्रॅक्टरची बॅटरी बघत होते. ढिला बोल्ट दिसला आणि तो ढिला होता हे मनात नोंदवायच्या आत मी तो कसूनही टाकला होता. हात आधी चालतो, बाबा. तुम्हीच त्याला तसं वळण लावलंत. ट्रॅक्टरवाला विचारत होता, काय बिघडलं होतं, आणि मी तशीच पाना धरून उभी. कारण मी दिवा आणायला आत गेले तेव्हा तुम्ही एकटे होता. पाना तुमच्या हातात होता. मी वाकले तेव्हा बोल्ट घट्ट होता, पण त्याआधी तो कसा होता ते तुम्हालाच ठाऊक. आता रोज डोळ्यांसमोर तुमची ती पाठ येते, डिकीत वाकलेली, आणि खांदा हलला की नाही ते मला काही केल्या दिसत नाही.

हे पत्र कुठं टाकणार मी. भांडण काढायला बसले होते, आता भांडूही शकत नाही. मला खात्री नाही, बाबा. मला फक्त एवढंच हवं आहे, की त्या दिवशी तुम्ही त्या बाईशी खोटं बोलला असावात.