एकोणतीस चोक सोळोदरसे

प्रिय नानाकाका,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. शोकसभेत मी तुमच्याबद्दल गोड गोड बोललो, ते विसरा. आज भांडायला बसलोय.

काल तुमची लीना एडिसनला माझ्या दुकानात आली, बरोबर तिची दहा वर्षांची रिया. लीनाने काउंटरवर एक डीव्हीडी आपटली. "वसंतकाका, बाबांच्या कपाटात सापडली. तुम्हीच टाका कचऱ्यात, माझ्याच्याने टाकवत नाही."

कॅलिफोर्नियात शिकताना तुम्ही सिनेमात काम केलंत, हे सगळ्यांना माहीत होतं. कसलं काम, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. विचारलं की हसायचात, "अरे, दिवसभर फुकट जेवलो."

मी ती मागच्या खोलीत लावली. हिंदुस्थानचा राजपुत्र कोण? निळ्या डोळ्यांचा गोरा, तोंडाला चॉकलेटी रंग फासलेला. सगळे संवाद त्याला. आणि ज्यांचा रंग खरा ते तुम्ही? उघडेबंब, कपाळभर शेंदूर, हातात सुरा, बांधलेल्या गोऱ्या बाईचा बळी द्यायला निघालेले पुजारी. शेवटच्या कलाकारांच्या यादीत राजपुत्राच्या घोड्याचं नाव आहे, काका. तुमचं नाही.

रिया पांढरी पडली. वर्गातल्या एका पोराने असलाच जुना सिनेमा टीव्हीवर पाहून तिला विचारलं होतं, तुम्ही लोक माणसं मारता का? ती लीनाला एवढंच म्हणाली, "आय टोल्ड हिम नो, मॉम."

तेवढ्यात पडद्यावर तुम्ही बोललात. खाली अक्षरं आली, 'रानटी मंत्र'. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत, चार गिऱ्हाइकं एकदम बोलली तरी चौघांचं ऐकतो. मी मागे नेऊन परत लावलं.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे." सोळोदरसेला सुरा वर जातो आणि बाई किंचाळते.

"वेट," रिया म्हणाली, "सोळोदरसे इज वन सिक्स्टीन. आजोबा पाढा म्हणतायत!"

दर रविवारी तुमच्या बेसमेंटमध्ये पोरांकडून घोकून घ्यायचात, तोच. लीना हसता हसता रडायला लागली.

मी नाही हसलो. मंत्र म्हण म्हणाले असतील, आणि तुम्ही देवाला त्यात न ओढता पाढा म्हटलात. हुशारी कळली. पण पन्नास वर्षं गप्प का बसलात? लाज त्यांना वाटायला हवी होती. तुम्ही ती उचलून घरी आणलीत आणि कपाटात ठेवलीत. मी हॉटेलात भांडी घासायचो तेव्हा मला बेसमेंटमध्ये जागा दिलीत, वर बजावलंत, "वसंता, कोणापुढे मान खाली घालायची नाही." मग हे काय? एकदा सांगितलं असतंत, तर त्या पोराला उत्तर द्यायला रियाजवळ 'नो'पेक्षा जास्त काही असतं.

डीव्हीडी मी टाकलेली नाही. पुढच्या आठवड्यात रिया ती वर्गात दाखवणार आहे, बाईंची परवानगी मिळाली. तुम्ही जिथे थांबता तिथून ती पाढा पुढे म्हणेल, थेट दोनशे नव्वदपर्यंत. मी शेजारी उभा राहीन. राजपुत्राबद्दल काय बोलायचं ते माझ्या मोडक्या इंग्रजीत मी बोलेन, आणि ते गोड नसेल. तुमचं नाव मात्र फळ्यावर पूर्ण लिहीन, घोड्याच्या वर.

तुमच्या बेसमेंटमधला,
वसंता