डॅरेलला वळवणारे हात

५ मार्च २००६, रविवार. हॅरो, लंडन

"मृणालने जावई नाही, लोखंडी कपाट आणलंय." आमचे वडील, नाना, टॅक्सीत म्हणाले होते, डॅरेलला पहिल्यांदा पुण्याला नेलं तेव्हा. आम्ही सगळे हसलो. तो पुढच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसलेला. आपल्याबद्दल काही चांगलं चाललंय असं वाटून तोही हसला.

आज बेसिंगस्टोकला मृ.कडे. डॅ. चहाचा कप उचलत होता. त्याची करंगळी पार बाहेर वळलेली, त्या हाताची नसल्यासारखी. मधेच म्हणाला, "ताई, तू पुस्तकं लिहितेस. माझं लिहून ठेव. गळायला लागलंय." बोट कपाळाला लावून. मृ. किचनमध्ये होती. तिने नळ जोरात सोडला.

त्रेचाळीस वर्षांचा आहे. माझ्याहून लहान.

रविवारी रविवारी जायचं ठरलं.

१२ मार्च

डॅ. बोलतो इंग्लिशमध्ये, मी मराठीत उतरवते. इंग्लिशमध्ये लिहिलं की फार शूर वाटायला लागतं.

मिसिसिपीतलं गाव. वडील लाकडाच्या गिरणीत. कॉलेजात फुटबॉलसाठी, म्हणजे त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलसाठी, घेतलं आणि पहिल्या दिवशी सांगितलं, अजून तीस किलो हवेत. मग रात्री गजर लावून उठायचं आणि खायचं. पास्ता, अंडी, दूध. ओकलं तर तोंड धुऊन परत बसायचं. कोच शेजारी उभा. "आई भरवायची तसा?" मी विचारलं. म्हणाला, "नाही. गुराख्यासारखा."

त्याची जागा बचावाच्या ओळीत, अगदी मधोमध. समोरचे दोघे अंगावर येतात, त्यांना अडवून धरायचं. मग मागचा मोकळा सुटतो, बॉलवाल्याला पाडतो, आणि नाव होतं त्या मागच्याचं. दर खेळीला डोकं डोक्यावर. "किती जोरात?" तर टेबलावर मूठ आपटून दाखवली. बशी पडली. स्वतःच दचकला.

१९ मार्च

लिहायला नको वाटतंय, तरी.

मॅचच्या आधी शॉवररूममध्ये रांग लागायची. सगळे चड्डी खाली करून उभे, डॉक्टर एकामागून एक इंजेक्शन देत पुढे सरकायचा. म्हणजे पुढचे तीन तास कुठे काय तुटलंय ते कळत नाही. रांगेत जोक चालायचे. नव्या पोराला सगळ्यांत पुढे उभं करायचे. डॅ. सांगताना हसत होता, शाळेच्या गॅदरिंगची आठवण सांगावी तसा. मी उठले. बाहेर जाऊन मृ.च्या गाडीत बसले, तर तिथे त्याच्या मलमाचा वास.

परत येताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये समोर एक जाडा मुलगा चिप्स खात होता. त्याच्याकडेही बघवेना. त्याचा काय दोष.

२ एप्रिल

इथल्या मराठी मंडळाचा पाडवा. शाळेचा हॉल, श्रीखंड-पुरी, स्टेजवर नाच.

डॅ. आला की अजूनही सगळे त्याच्या ताटाभोवती जमतात. देसाईकाका: "पैलवान, एवढ्यात? लाजू नका, आमची पंधरा पुऱ्यांची पैज आहे." त्याला 'पुरे' म्हणता येतं, हात आडवा धरता येतो. आपल्याकडे तेवढ्याने कुणी थांबत नाही. वाढणाऱ्या एका वहिनींनी हात बाजूला सारून वाढलं. आणि तो खात राहिला. वाढणारं माणूस समोर उभं आहे तोवर थांबायचं नाही, हे त्याच्या अंगात कुणी भरवलंय ते आता मला माहीत आहे. टाळ्या पडत होत्या.

मी म्हटलं, "काका, त्याला डायबेटिस आहे." काका म्हणाले, "अगं, सणाचं कसलं आलंय."

नंतर कार पार्कात ओकला. मृ. पाठ चोळत होती. सवयीने.

९ एप्रिल

त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी मॅच त्याला आठवत नाही.

दुसऱ्याच खेळीत डोक्याला लागलं. बाहेर यायचं नाही, कारण बाहेर आलेल्याची जागा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. म्हणून त्यांची पद्धत होती: शेजारचा शर्ट धरतो, तुला तुझ्या जागी नेऊन उभं करतो आणि तोंड योग्य बाजूला वळवतो. पुढचं अंग आपोआप करतं. त्याचा शेजारी कर्टिस. कर्टिसने पूर्ण मॅच त्याला असं वळवलं. त्या दिवशी बक्षीस म्हणून मिळालेला बॉल हॉलमध्ये काचेत आहे. डॅ.ने ती मॅच फक्त व्हिडिओवर पाहिलीय. "चांगला खेळलो," म्हणाला, दुसऱ्या कुणाबद्दल म्हणावं तसं.

मग इकडे युरोपातल्या लीगमध्ये आला, मृ. भेटली, राहिला.

आज सुपरमार्केटमध्ये ट्रॉली धरून नुसताच उभा होता. मृ.ने बाही धरली, दुधाच्या बाजूला वळवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच की आता कर्टिस."

२३ एप्रिल

हे काय नवीन.

जूनमध्ये क्रॉयडनजवळ जुन्या खेळाडूंची मॅच. कुणा हौशी आयोजकाने ठरवलीय, लोक तिकीट काढून येणार. लुटुपुटूची नाही. हेल्मेट, पॅड, सगळं. डॅ.ने हो कळवलं आहे. रोज सकाळी पार्कात पळतो.

मृ.वर चिडले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तू रविवारी येतेस. मी सातही दिवस असते. पळून आला की त्याला माझं नाव शोधावं लागत नाही. त्या दिवशी मला नवरा असतो."

 

७ मे

शुक्रवारी न्यूरॉलॉजिस्टकडे तिघं गेलो. स्कॅन दाखवला. "आणखी एक जोराचा मार बसला तर किती परत येईल, मी सांगू शकत नाही." डॅ. नम्रपणे थँक यू म्हणाला. बाहेर येऊन: "आयोजकांच्या डॉक्टरने मला पास केलंय." त्या डॉक्टरने काय बघितलं? बी.पी. आणि गुडघा वाकतो का.

लिफ्टपाशी त्याला म्हटलं, नको खेळूस. तो म्हणाला, "ताई, कर्टिस नसता तर मी स्वतःच नाही म्हटलं असतं. कर्टिस आहे."

२१ मे

मंडळाने मॅचचा अख्खा ब्लॉक बुक केला. देसाईकाका ढोल आणणार आहेत. सुधीरने आमची दोन तिकिटं परस्पर काढली.
"घरचा माणूस खेळतोय, जायला नको?"
"घरचा माणूस मरतोय."
"तुझं जरा जास्तच असतं."

नवऱ्याशी दिवसभर बोलले नाही. त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

४ जून

कर्टिस आला. टेक्सासात जुन्या गाड्या विकतो. बायको सोडून गेली, एक गुडघा धातूचा, तरी खेळणार. मृ.ने जेवायला बोलावलं.

मी त्याचा तिरस्कार करायचा असं ठरवून गेले होते. त्याने डॅ.च्या ताटातलं चिकन न विचारता कापून दिलं. त्याच्या ग्लासात पाणी ओतलं. एकच गोष्ट डॅ.ने तीनदा सांगितली, हा तिन्ही वेळा हसला, तिन्ही वेळा वेगळं.

अंगणात गाठून मी सगळं सांगितलं, स्कॅन वगैरे. त्याला माहीत होतं. "काळजी करू नका, मॅम. मी असेन ना शेजारी. मी त्याला वळवेन." खांद्यावर हात ठेवला. भला मोठा, ऊबदार हात. शिसारी आली, आणि त्या हाताचा राग येईना, म्हणून जास्तच आली.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. मृ.ला, कर्टिसला, डॅ.लाही. आणि सगळे प्रेमानेच करताहेत.

८ जून

काही नाही. मृ.ने त्याची जर्सी धुवून वाळत घातली. फोनवर गाणं गुणगुणत होती.

१० जून, शनिवार. क्रॉयडन

उद्या मॅच. कर्टिस ज्या हॉटेलात उतरलाय तिथे लॉबीत बसले आहे. बाहेर ट्राम. सुधीरला लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं, मृ.ला काहीच नाही. तिला कळलं तर बोलणं टाकेल. टाकू दे.

लॉबीत त्यांच्यातले आणखी दोघं-तिघं. एकाला सोफ्यातून उठता येत नव्हतं, दुसऱ्याने बगलेत हात घालून उठवलं, दोघं हसले. उद्या हेच मैदानात. आपले लोक ढोल वाजवणार.

वर फोन केला रिसेप्शनने. येतोय म्हणाला.

तो काय म्हणेल ते मला दिसतंय. इतक्या लांब आलोय, मॅम. हा माझाही शेवटचा खेळ आहे, मॅम. डॅरेल वाट बघत असेल. आणि ते खरंच असेल. त्याच्याकडे तरी दुसरं काय उरलंय.

पण डॅ. स्वतः म्हणाला होता, कर्टिस नसेल तर उतरणार नाही. दुसरा धागा माझ्या हातात नाही.

लिफ्ट उघडली. तोच आहे, लंगडतोय, मला बघून हात हलवतोय. एवढंच म्हणायचं, रडायचं नाही: कर्टिस, उद्या तू खेळू नकोस.