दोराचं दुसरं टोक

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे, होडीत लाईफ जॅकेट घालूनच बसते. पण बाबांच्या कानावर जाण्याआधी मीच सांगते. पहिल्यांदा एकटी होडी घेऊन गेले, ऐटीत नांगर टाकला, आणि दोराचं दुसरं टोक होडीला बांधायचंच राहिलं! नांगर दोरासकट तळाला गेला. धक्क्यावरची माणसं पोट धरधरून हसली. शेजारचा होडीवाला म्हणाला, "विकून टाका, बाई."

विकतेय कशाला! नवा नांगर आणला, आधी होडीच्या पुढच्या टोकावरच्या खुंट्याला दोर आवळला, आणि त्या सगळ्यांसमोर टाकला. होडी जागची हलली नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा अजून "बायकांचं काम नव्हे" म्हणतात? म्हणू देत. त्यांना घेऊन ये. सुकाणू मी धरेन, नांगर त्यांनी टाकावा. दोर बांधलाय का, ते मी बघेन.

तुझी हट्टी लेक