सुंदरीच्या खांद्यावरचा हात

पलूस, रविवार

तीर्थस्वरूप आक्काताईस,

धाकट्या मदनचा जय जिनेंद्र आणि गुडघे टेकून नमस्कार (खरोखर टेकले की उठवायला सुनेला, भाग्यश्रीला हाक मारावी लागते, म्हणून यंदापासून पत्रातच टेकतो). तुझ्या गुडघ्यांचं काय? साताऱ्याच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल तू लावतेस, की बाटली जपून ठेवतेस? इकडे द्राक्षं बरी आहेत, नातवाला दात आलाय, आणि भाग्यश्रीनं तुला फोन केला हे मला समजलं आहे. ‘मामांचं कायतरी बिघडलंय, एकसष्टाव्या वर्षी क्यामेरा घेऊन म्हाताऱ्यांच्या मागं लागल्यात,’ असं ती म्हणाली ना? फोनवर तू आधी रागावतेस आणि मग ठेवून देतेस, म्हणून लिहितो आहे. पत्र मध्येच ठेवता येत नाही (येतं, पण ठेवू नकोस).

सुंदरी गेली त्या सकाळी स्टँडजवळचा गुंडा नावाचा फ्लेक्सवाला श्रद्धांजलीच्या बोर्डासाठी फोटो मागायला आला, आणि घरात तिचा एकटीचा एकही फोटो निघेना. चौतीस वर्षांच्या आमच्या संसारात प्रत्येक कार्यात ती पंगतीला वाढत होती. अल्बमात तिचं कोपर आहे, बुंदीची बादली आहे, एका बारशात पाठ आणि वेणी आहे. आधार कार्डावरची बाई सुंदरी आहे हे तर मलाही पटत नव्हतं. शेवटी तुझ्या अरिहंतच्या लग्नातला एक सापडला. तुला आठवत असेल, सांगलीच्या त्या हॉलमध्ये कुणीतरी ‘दिस मावळाय लागला’ म्हणून ओरडलं, आणि सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून आपली सगळी मंडळी पंगतीकडे धावली. तू वरमाई असूनही माझ्या शेजारच्या पानावर येऊन बसलीस. सुंदरीचा उपवास होता, म्हणून ती तेवढी नवरानवरीपाशी स्टेजवर राहिली, आणि जन्मात एकदा फोटोत पुरी आली.

गुंडानं नवरानवरीला कापलं आणि मला हाक मारली. ‘काका, खांद्यावर ह्यो हात कुनाचा? काढाय येतोय, पन खांदाबी जातोय.’ मी म्हटलं, राहू दे. अशी सुंदरी चौकात दहा फूट उंच लागली, डाव्या खांद्यावर चार बोटांसकट. समाचाराला येणारे आधी बोर्ड बघून येत आणि चहा पिताना हळूच विचारत, ‘मागं कोन हुतं ओ?’ तिसऱ्या दिवशी मी गुंडाकडे जाऊन अख्खा फोटो पाहिला. अरिहंतचे दोन्ही हात हारात अडकलेले, नवरीचे दोन्ही हात मेंदीनं भरलेले. या बोटांना मेंदी नाही, अंगठी नाही, नखं बारीक कापलेली. मागे लाल पडदा आणि पडद्याला लागून भिंत. मी एसटीनं सांगलीला जाऊन त्या दोहोंतली जागा टेपनं मोजली (नऊ इंच, हॉलचा वॉचमन मला रंगारी समजला). नऊ इंचांत तर अरिहंतसुद्धा मावणार नाही, आणि तो काय हाडकुळा आहे ते तू जाणतेस.

त्यानंतर मी क्यामेरा घेतला, जुनाच. लोकांना सांगितलं की पलूसमधलं एकही माणूस दुसऱ्याच्या लग्नातला फोटो कापून जायला नको, प्रत्येकाचा स्वतःचा, एकट्याचा, मोकळ्या खांद्यांचा फोटो हवा. हे खोटं नव्हतं. पण माझी एक चूक झाली. गडबड नको म्हणून मी मतदारयादी घेतली आणि वयानं सगळ्यांत थोरांपासून सुरुवात केली. चौऱ्याण्णव वर्षांच्या रंगूबाई फोटोनंतर आठव्या दिवशी गेल्या, ब्याण्णव वर्षांचे नाथाजी पंधराव्या. वरून सुरुवात केल्यावर वरचीच माणसं आधी जाणार, पण हे गावाला कोण समजावणार? आता मी गळ्यात क्यामेरा अडकवून निघालो की पटापट दारं लागतात. एकटे आकाराम तेवढे आपल्या पायांनी आले. ‘काढ रं मदन एकदाचा, लय दुखतंय.’ काढला. त्याला चार महिने झाले, गडी आता भाकरी चावून खातो, आणि दर सोमवारी येऊन भांडतो, ‘पयला नीट आला न्हाई बघ, परत काढ.’

आता जे भाग्यश्रीलाही ठाऊक नाही ते लिहितो. रंगूबाईंना मी त्यांच्याच स्वयंपाकघरात, कोऱ्या भिंतीला टेकवून बसवलं होतं. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर डाव्या खांद्यावरचा पदर चार ठिकाणी दबलेला. नाथाजींच्या खळ घातलेल्या सदऱ्यावर त्याच जागी चार खळगे. आकारामांचा खांदा मात्र साफ, इस्त्री केल्यासारखा. मी मोठ्यानं हसलो, मग मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं.

म्हणजे आक्का, मी माणसांचे फोटो काढत नाही, त्यांच्या मागच्याचे काढतो. आधी बोटं आली, कधीतरी मनगट येईल, मग कोपर, मग तोंड. ते मला बघायचं आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू, पण भीतीहून जास्त राग येतो. चौतीस वर्षांत मी चारचौघांत एकदाही तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही (आपल्यात कोण ठेवतं?), आणि हा कोण, जो मी जिलेबी खात असताना येऊन खुशाल ठेवून गेला? रात्री झोप येत नाही. ती कुणाबरोबर गेली एवढं कळलं असतं तरी मी पडून राहिलो असतो.

असो. तेल लावत जा. अरिहंत आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
मदन

ता. क. भाग्यश्रीला सांग, मामा बरे आहेत, पुढच्या महिन्यात क्यामेरा विकणार आहेत.

ता. क. २. विकणार नाही. पण तू सांग.

ता. क. ३. दाजी गेल्यापासून तूही मेंदी लावत नाहीस, अंगठी घालत नाहीस. तू माझ्या शेजारच्या पानावर होतीस हे मीच वर लिहिलं आहे, पण जेवताना माझी मान काही वर नसते. तू मध्येच उठून गेली असशील. पडद्यामागे जागा कमी होती, पण तू अंगानं बारीकच आहेस. तेव्हा हे पत्र मिळाल्याबरोबर फोन कर, आधी रागावू नकोस, आणि एवढंच म्हण, ‘मदन, तो हात माझा होता रे. तिला एकटीला कशी सोडू?’ नसला तरी म्हण. मी उलटून विचारणार नाही.