डावा हात उजव्या कोपराला

अब्बा, तुम्ही दांडपट्ट्याला धार लावायचात, पण पट्ट्यात हात घालायला तुम्ही मला कधीच शिकवलं नाहीत. परवाच्या शुक्रवारपर्यंत मी याच्या उलटं सांगत होते आणि ते हजारो लोकांनी ऐकलं होतं. म्हणून हे तुम्हाला आधी सांगायला हवं. घरात आपण दखनी बोलायचो, पण कागदावर मला मराठीच येते आणि ती तुमच्या दुकानात आली. रहिमतपुरात गिऱ्हाइकं कोयते, सुऱ्या, यात्रेच्या तलवारी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून आणायची. चौथीत शाळा सुटली, तरी ते तेलकट कागद मांडीवर सरळ करून मी वाचत राहिले. धारेच्या साणेवरची नजर न हलवता तुम्ही विचारायचात, "काय लिवलंय गं त्यात?" मी वाचून दाखवायची. अर्धी बातमी कागदासोबत फाटलेली असायची. तुम्ही म्हणायचात, "फुडचं गिऱ्हाईक आणंल उरलेली."

तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत. ती आता एकोणतीस वर्षांची आहे, सांगलीत माझ्याजवळ राहते आणि व्हिडिओ गेम तपासून त्यावर मराठीत बोलते. हा धंदा आहे, अब्बा, हसू नका. तुमच्याकडे लोक पातं आणून विचारायचे, चालंल का? तिला लोक गेमबद्दल तेच विचारतात. त्यात हत्यारांच्या झुंजीची एक मालिका आहे. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, कुणाकडे भाला, कुणाकडे कुऱ्हाड. हातातल्या कंट्रोलरची बटणं दाबली की ती वार करतात. मागचा तिसरा भाग तुमचे जावई तिच्यासोबत खेळायचे. एसटीच्या वर्कशॉपातून आले की हात न धुता बसायचे, दरवेळी तोच कुऱ्हाडवाला जाड्या घ्यायचे आणि सगळी बटणं एकदम दाबायचे. पोरगी ओरडायची, "अब्बू, हे खेळणं न्हाई, हे पीठ मळणं झालं!" त्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या कंट्रोलरचं एक बटण झिजून गुळगुळीत झालंय. मी तो पुसून ठेवते.

आता चौथा भाग आला. त्यात एक नवी बाई आहे आणि तिच्या हातात आपला पट्टा आहे.

तो तिथं कसा गेला, ते सांगते. तुमच्या दुकानातला एकच पट्टा माझ्याकडे राहिला होता, तालमीच्या म्हाताऱ्या वस्तादांचा. त्यांनी दुरुस्तीला टाकला आणि न्यायच्या आधीच ते गेले. हात घालायचा त्याचा कोपरापर्यंतचा लोखंडी खोबळा शाबूत आहे, पातं बोथट झालंय. हात आत धरून ठेवणारा चामड्याचा बंद मात्र कधीच कुजून गेला. दोन वर्षांपूर्वी मुलीला तो कपाटावर सापडला. "अम्मी, एकदा फिरवून दाखव ना, मी शूट करते." मी नको म्हणत होते आणि खोबळ्यात हातही घालत होते. गच्चीवर मी तो फिरवला. बंद नसल्यामुळे आत मनगट हलत होतं. त्यात माझा उजवा खांदा जखडलेला. तुमच्या जावयांच्या आजारपणात त्यांना उचलून उचलून तो गेला होता. एक वार झाला की कळ यायची, मग डाव्या हातानं मी उजवं कोपर धरायची, दम घ्यायची आणि पुढचा वार करायची. मुलीनं कॅमेऱ्यामागून विचारलं, "कुणी शिकवलं गं?" मी म्हणाले, "अब्बांनी."

एवढंच, एक शब्द. का म्हणाले? मला वाटतं, तुमचं नाव पुढे केलं की ती पुढचं विचारणार नाही, म्हणून. आणि तसं असतं तर बरं झालं असतं, म्हणूनही. तिनं नेटवर टाकलेला तो व्हिडिओ फिरत फिरत गेम बनवणाऱ्या परदेशी लोकांपर्यंत गेला. त्यांनी विचारलं, या बाईंच्या हालचाली आम्ही घेऊ का? मुलगी घरभर नाचली. चौथ्या भागाच्या शेवटी आभारांची यादी येते. तिच्यात माझं नाव आहे आणि माझ्या नावाखाली, माझे गुरू म्हणून, तुमचं.

गेम बाजारात यायच्या आठवडाभर आधी तिच्याकडे आला. शुक्रवारी दुपारी चार वाजता सगळ्या परीक्षकांनी आपापला निकाल लोकांपुढे ठेवायचा, त्याआधी नाही, असा कंपनीचा नियम. मंगळवारी ती म्हणाली, "अम्मी, हत्यारांचं तू बघ. मला त्यातलं काय कळतंय?" तुमच्या जावयांचा कंट्रोलर घेऊन मी बसले. पहिल्यांदा आवाज बंद करायला लावला. ढोलताशे आणि आरोळ्या चालू असल्या की सगळंच भारी वाटतं. तुम्ही नाही का, पातं हातात घ्यायच्या आधी मालकाला म्हणायचात, "आवं, जरा च्या पिऊन या." तो समोर उभा राहून पात्याचं कौतुक करत असला की तुम्हाला पातं दिसायचं नाही.

खोटं नाही सांगत, गेम चांगला आहे. मागच्या भागात तलवारी एकमेकींतून सावलीसारख्या जायच्या, आता अडतात. भाल्याचं अंतर बरोबर आहे, भालेवाल्याच्या जवळ गेलं की तो गोंधळतो, खरंच गोंधळतो तसा. लढता लढता पात्याला खाचा पडतात, ते मला फार आवडलं. फक्त चकाकी जास्त आहे. साणेवरून नुकतं उतरलेलं पातं राखी दिसतं, आरशासारखं नाही. मुलगी भराभर लिहून घेत होती. "लय भारी अम्मी, हे कुणालाच सुचणार न्हाई."

मग तिनं ती पट्टेवाली घेतली. बाई उंच, तरणीताठी, नऊवारीचा काष्टा. पहिला वार सपकन झाला आणि तिचा डावा हात उजव्या कोपराला गेला. तिनं दम घेतला. दुसरा वार, परत हात कोपराला. अब्बा, त्या पंचविशीच्या बाईच्या अंगात माझा दुखरा खांदा होता. समोरचा भालेवाला तेवढ्या दमात येऊन तिला पाडत होता, दर वेळी. मुलगी चार झुंजी हरली, पण तोंडावर हसू. "जरा स्लो आहे. पण परंपरा आहे ना, त्याला काय करणार? आजोबांचा डाव आहे तो." मी काही बोलले नाही. बुधवारी बोलले नाही, गुरुवारीही नाही. स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं. तिनं निमूट खाल्लं आणि विचारलं, "तब्येत बरी हाय का तुझी?"

या तीन दिवसांत मला सारखे वस्ताद आठवत होते. हा पट्टा ज्यांचा, तेच. यात्रेच्या आदल्या दिवशीची सकाळ, दुकानापुढे तालमीची दहाबारा माणसं, मी साणेची दोरी ओढतेय. वस्तादांची तलवार तुमच्या हातात आहे. तुम्ही ती दाराच्या उजेडाकडे धरता, मुठीजवळ नखानं वाजवता, परत वाजवता. केसाएवढी चीर. ती तुमच्याशिवाय कुणाला दिसली नसती. तुम्ही ती वस्तादांपुढे ठेवून म्हणालात, "ही घिऊन खेळू नगा. चीर पडल्या." वस्ताद म्हणाले, "पडली आसंल कुठंतरी." मग तुम्ही मोठ्यानं बोललात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कुठंतरी न्हाई. गेल्या साली म्या तापवताना जादा तापवली. माझ्या हातची चीर हाय." गर्दीतला एकजण हसला, "शिकलगारच आसं बोलाय लागला तर आमी कुनाकडं जायाचं?" मला तुमचा राग आला होता. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं, असं वाटलं होतं. यात्रेनंतर बरेच महिने तालमीचं काम आपल्याकडे आलं नाही. मग एका दुपारी वस्ताद स्वतः हा पट्टा घेऊन आले आणि बसून राहिले. चहा दोनदा झाला.

शुक्रवारी मुलीनं सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. दुपारी तीनला मला बोलावून ऐकवलं. चांगलं बोलते ती. शेवटाकडे तिचा आवाज चढला. "काही जण म्हणतील, पट्टेवाली हळू आहे. तो दोष नाही. डावा हात कोपराला लावणं ही माझ्या आजोबांची रीत आहे. ज्यांना हे चुकीचं वाटतं, त्यांनी आधी इतिहास शिकावा." आणि गेमला दहापैकी नऊ.

"थांबव ते," मी म्हणाले.

"का? आवाज कमी आहे?"

"ती रीत नाही. माझा खांदा दुखत होता."

ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "बरं. मग आजोबांनी शिकवलेलं खरं कसं होतं?"

"त्यांनी नाही शिकवलं."

"म्हणजे थोडंसंच शिकवलं?"

"काहीच नाही. एकदा मी हात घातला तर थोबाडीत मारली."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "अम्मी, मी त्यांचं नाव दिलंय तिथं. जगभरात दिसणार आहे ते. कालपर्यंत मी लोकांशी भांडलीय त्या व्हिडिओवरनं."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक हाय आणि मंगळवारपासनं गप्प बसलीस? मला फाडून खातील लोक. उद्यापासनं माझा शब्द कोण धरंल, सांग."

"मग मला बसव पुढं. मी सांगते."

मला वाटलं, ती नाही म्हणणार. मग तिनं कॅमेऱ्याचा स्टँड माझ्यासमोर ओढला. इतक्या जोरात, की त्याचा पाय फरशीवर खरवडला. "पदर नीट कर," एवढंच म्हणाली. मी सांगितलं. हात कोपराला जातो ती रीत नाही, दुखणं आहे. पट्ट्यात मनगट ताठ असतं, ताकद खांद्याची लागते. माझ्या खोबळ्याला बंद नव्हता म्हणून मनगट हलत होतं. माझे वडील शिकलगार होते, हत्यारांना धार लावणारे, पट्टेबाज नव्हते. त्यांनी मला शिकवलं नाही, मी खोटं बोलले, माझ्या मुलीला हे माहीत नव्हतं. तिनं ते तिच्या बोलण्याच्या आधी जोडलं, इतिहास शिकण्याचं वाक्य काढून टाकलं, नवाचे साडेसात केले. चारला दोन मिनिटं असताना बटण दाबलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढे काय झालं म्हणाल, तर शिव्या आल्या. तिलाच जास्त, मला कमी. एकानं लिहिलं, खोटारड्या मायलेकी. गेम खेळणारी पोरं आता त्या डावाला "खालाचा खांदा", म्हणजे मावशीचा खांदा, म्हणतात म्हणे. कंपनीचं पत्र आलंय, हालचाल दुरुस्त करायची आहे, कशी करू? तिनं उत्तर दिलं, आधी एखाद्या तालमीत जाऊन विचारा. आभारांच्या यादीतून तुमचं नाव काढायलाही तिनं कळवलं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आज सकाळी कपडे वाळत घालताना माझा हात दोरीपर्यंत पोचेना, तेव्हा तिनं साडी माझ्या हातातून घेतली. "अजून दुखतो?"

"थंडीत दुखतो."

"मग सांगाय येत न्हाई व्हय?" ती साडी झटकत म्हणाली. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

हे सगळं तिला सांगितलं, लोकांना सांगितलं. एक सांगितलं नाही. अकरा वर्षांची असताना मी त्या पट्ट्यात हात घातला आणि तुम्ही मारलंत. "हात नक्को डाल उसमें, मनगट तुटेगा," म्हणालात आणि तो खुंटीवर टांगलात. पण दर शुक्रवारी तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला गेलात की मी तो काढायची. भिंतीकडे तोंड करून तुम्ही परत येईपर्यंत फिरवायची. वस्तादांना तालमीत जसं पाहिलं होतं, तसं. खोबळा मला मोठा व्हायचा, हात आत घसरायचा. चामड्याच्या बंदाला तीन भोकं होती, तिन्ही मोठ्या माणसाच्या हाताची. वस्ताद तेव्हा वारले होते, पट्ट्याला दुसरा मालक नव्हता. एका शुक्रवारी मी बंद आवळायला गेले, तर त्याला चौथं भोक होतं. बरंच आत, नव्यानं पाडलेलं, कडा अजून पांढऱ्या. माझ्या हाताला बरोबर बसणारं.

तुम्ही परत आलात, टोपी काढलीत, साणेपुढे बसलात आणि म्हणालात, "ओढ दोरी." मी ओढली. विचारलं असतं, तर दर शुक्रवारी चोरून काय करते ते कबूल करावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. कॅमेऱ्यासमोर मी म्हणाले की तुम्ही मला शिकवलं नाहीत. तेव्हा मला ते भोक आठवत होतं, अब्बा, आणि मी ते बोलले नाही. ते माझ्याकडेच राहू दे, असं वाटलं.