बदामचं अंथरूण

वांगणी, ता. २१ नोव्हेंबर १९९९

ती. जिजाताईस,
मंगेशचा सा. न. वि. वि.

तू कामाला जातेस त्या बाईंच्या उज्ज्वलाचा बदाम, तो जर्बिल जातीचा पाळीव उंदीर, घेऊन सुखरूप पोचलो. जव्हारपासून जीपमध्ये पिंजरा मांडीवरच धरला होता. बदाम नीट खातो आणि मागच्या पायांवर उभा राहून आमच्याकडे बघतो. शेजारचा तुकाकाका रोज येऊन विचारतो, की लोक उंदराला सापळा लावतात आणि तू पाहुणचार करतोस, तर तुझ्या लग्नात वऱ्हाडी कोण येणार. आबांचं म्हणणं, त्याचं अंथरूण बदलतं आणि त्यांची गोधडी तीच.

अडचण अंथरुणाचीच आहे. पाण्याची बाटली गळून तू दिलेल्या पिशवीतलं सगळं अंथरूण भिजलं. आता काय पसरू? पेंढ्याची टोकं डोळ्याला लागतील. तूस नाकात जाईल. कापूस चालेल का? तुझं उत्तर येईपर्यंत सुकऱ्या सुताराकडचा सागाचा भुसा दोनदा चाळून चार बोटं घातला आहे. बाईंचं घर महिनाभर बंद, म्हणजे तुला फोनही करता येत नाही. चुकत असेल तर लगेच कळव.

आईचा आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मंगेश

वांगणी, ता. २९ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून नाही. आठवड्यातल्या टपाल यायच्या दोन्ही दिवशी मी रस्त्यावर जाऊन उभा होतो. बदाम परवापासून शिंकतो आहे. आई म्हणाली, भुशात कीड झाली असेल, कणगीत दाण्याला घालतो तसा निरगुडीचा पाला घाल. आपल्या कणगीला कधी कीड लागली नाही, म्हणून मलाही पटलं. पाला खुडून तळाशी दोन थर दिले, वर भुसा. तो मात्र कोपऱ्यात अंग चोरून बसला आहे. त्याला काही झालं तर तू त्या पोरीसमोर कशी उभी राहशील, हेच मनात येतं.

उत्तराची वाट बघणारा,
मंगेश

ठाणे, ता. २९ नोव्हेंबर

चि. मंगेश यास जिजाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं एकवीस तारखेचं पत्र आज मिळालं. एवढ्या मोठ्या पत्रात माझी चौकशी एका ओळीचीही नाही, पण बदामचा पाहुणचार ऐकून हसले. त्याचं खाणं येतं त्या दुकानात लगेच गेले. मालक म्हणाले, भुसा आधी काढा, लाकडाच्या उग्र वासाने याची छाती भरते. कापूस पायाला गुंडाळतो. गावाकडे धान्यात पाला घालतात तसलं तर मुळीच नको. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या घाल, छापलेला नको. छातीत टिकटिक ऐकू आली तर डॉक्टरकडे ने.

बाई बारा तारखेला येतात. उज्ज्वलाने जाताना त्याला आजीकडे दिलं नाही, माझ्या हातात दिलं, आणि इथे चाळीत मांजरं म्हणून मी तुझ्याकडे. घाबरू नकोस. तू घाबरलास की एकाऐवजी चार कामं करून ठेवतोस.

आबांना, आईला जप.
तुझी ताई

वांगणी, ता. ७ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. आपण एकाच दिवशी लिहीत होतो. निरगुडी त्याच्याखाली आठवडाभर होती.

सगळं फेकलं, पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवला. घरात कोरा कागद म्हणजे दहावीला बाहेरून बसायचं म्हणून आणलेल्या दोन वह्या. आबाही शेजारी बसून पट्ट्या फाडू लागले. आई पिंजऱ्याजवळ येत नाही. म्हणते, मी दाण्याचं सांगितलं, जिवाचं मला काय ठाऊक.

टिकटिक ऐकू येत होती, म्हणून आज सकाळी त्याला जव्हारला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तळहातावर घेऊन पाहिलं. म्हणाले, माझ्याकडे वासराच्या मापाची औषधं, याला थेंबही जास्त होईल. उबेत ठेव, एवढंच सांगितलं.

आता तो पट्ट्यांत शिरून पडला आहे. मी कान लावून बसलो आहे. टिकटिक कमी झाली आहे. छाती मोकळी झाली म्हणून, की दम सरत आला म्हणून, ते मला ओळखता येत नाही. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत ते ठरून गेलेलं असेल.

काहीही झालं तरी माझ्यावरची माया होती तेवढी राहू दे.
तुझा मंगेश